रोलप्लेइंग गेमच्या नव्या आवृत्तीचं प्लेटेस्टिंग: तयारीपासून अभिप्रायापर्यंत

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डीअँडडी) या, पात्रं रंगवत आणि फासे टाकत टेबलाभोवती खेळायच्या गेमच्या पाचव्या आवृत्तीचं 'प्लेअर्स हँडबुक' २०१४ मध्ये आलं. त्याच्या श्रेयनामावलीत १,७५,००० हून अधिक चाहत्यांनी प्लेटेस्टिंग, म्हणजे पक्कं होण्याआधी नियम खेळून तपासण्याचं काम, केल्याची नोंद आहे. २४ मे २०१२ ला पहिलं पॅकेट (चाचणीच्या नियमांचा संच) सगळ्यांसाठी खुलं झालं आणि त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ नवनवी पॅकेटं येत राहिली. 'पाथफाइंडर' या तशाच गेमच्या दुसऱ्या आवृत्तीचंही असंच झालं. २ ऑगस्ट २०१८ ला चाचणीचे नियम पीडीएफमध्ये फुकट मिळाले, ३१ डिसेंबरला चाचणी संपली आणि १ ऑगस्ट २०१९ ला पक्कं पुस्तक बाजारात आलं. डीअँडडीची २०२४ ची सुधारित पुस्तकंही ऑगस्ट २०२२ पासून निघालेल्या खुल्या पॅकेटांमधूनच घडली. पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये शनिवारी रात्री जमणाऱ्या पाच जणांनाही या कामात खराखुरा वाटा उचलता येतो, आणि तो उचलावा असं मला मनापासून वाटतं.

मात्र नियम वाचून मत देणं हे एक काम आहे आणि नियम खेळून काय घडलं ते सांगणं हे दुसरं. मतं डिझायनरला हवी तेवढी मिळतात. जिथे समजावून सांगायला तो स्वतः हजर नाही, अशा टेबलावर त्याच्या मजकुराचं काय झालं, हे मात्र त्याला आपल्यासारख्यांकडूनच कळू शकतं. पुढे जे सांगतो आहे ते सगळं ही नोंद भरवशाची कशी करायची याबद्दल आहे.

सेशनआधी एक प्रश्न ठरवा

पॅकेट उघडलं की आधी सुरुवातीची टीप वाचा. या वेळी काय तपासायचंय आणि कुठला भाग अजून कच्चा आहे, ते बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं. जे पॅकेटमध्ये नाही त्यासाठी कुठले जुने नियम वापरायचे, तेही तिथेच सापडतं. ही टीप न वाचता खेळलेल्या सेशनचा अभिप्राय बऱ्याचदा चाचणीतच नसलेल्या गोष्टीवर खर्च होतो.

त्यानंतर आपल्या टेबलापुरता एक प्रश्न निवडा आणि वहीच्या पानावर सगळ्यात वर लिहा. 'नवे नियम कसे आहेत?' हा प्रश्न पेलणारा नाही. 'पाचव्या लेव्हलला दिवसात चार लढाया झाल्या तर क्लेरिकशिवाय निभाव लागतो का?' हा पेलणारा आहे. (लेव्हल म्हणजे पात्राच्या ताकदीची पायरी, क्लेरिक म्हणजे जखमा भरणारं पुजारी-पात्र.)

प्रश्नाभोवती खेळ कसा रचायचा, हे पाथफाइंडरच्या चाचणीसोबत आलेल्या 'डूम्सडे डॉन' या सात भागांच्या साहसातून शिकण्यासारखं आहे. पहिला भाग पहिल्या लेव्हलचा आणि सातवा सतराव्या लेव्हलचा होता. मधले चौथ्या, सातव्या, नवव्या, बाराव्या आणि चौदाव्या लेव्हलचे. प्रत्येक भागाला वेगळं काम दिलं होतं. पाचव्या भागात शत्रूंच्या लाटा एकामागून एक येत राहतात. पात्रं शेवटी मरणार हे गृहीत धरूनच तो लिहिला होता, कारण ती किती वेळ तग धरतात हेच पाहायचं होतं. नेहमीच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या सलग गोष्टीत, कुठलाही गेम मास्टर (जीएम, म्हणजे खेळ चालवणारा) असं साहस लिहिणार नाही. चाचणीत मात्र ते लागतं, आणि त्यासाठी खेळाडूंची आधी संमती घ्यावी लागते.

म्हणून तुमचं चालू कॅम्पेन चाचणीच्या नियमांवर नेऊ नका. दोन वर्षं जपलेलं पात्र पणाला लागलं की खेळाडू सांभाळून खेळतो आणि जीएमही हात राखून मारतो. त्या सेशनची नोंद मग खोटी पडते. चाचणीसाठी वेगळे वन-शॉट (छोटी, सुटी साहसं) घ्या आणि सुरुवातीलाच सांगून टाका की पात्र मेलं तर मेलं, पुढच्या पॅकेटमध्ये नियम बदलले तर बदलले.

टेबलावर कोण असावं

चार खेळाडू आणि एक जीएम एवढे पुरतात, पण चौघं एकसारखे नकोत. आधीची आवृत्ती पाठ असलेला एक हवा, नियमांतल्या फटी शोधून पात्र जास्तीत जास्त ताकदवान करणारा एक हवा. एखादी गोष्टीत रमणारी, नियमांकडे गरजेपुरतंच बघणारी हवी. आणि कधीच न खेळलेलं कुणीतरी हवंच. या नवख्या माणसाचं मोल सगळ्यात जास्त, कारण बाकीचे तिघं मजकुरातली गाळलेली जागा आठवणीने भरून काढतात आणि आपण ती भरली हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

नवी आवृत्ती तपासणं हे नवाकोरा गेम तपासण्यापेक्षा अवघड असतं ते यामुळेच. कागदावर नियम नवा असतो, पण हात जुन्या सवयीने फासे उचलतात. यावर उपाय साधे आहेत. जुनी पुस्तकं टेबलावरून उचलून ठेवा. काय काय बदललंय त्याची एक पानी यादी करून मधोमध ठेवा. आणि कुणी 'हे असंच असतं ना?' म्हणालं की उत्तर आठवणीतून न देता नव्या मजकुरातली ओळ मोठ्याने वाचा.

पाचापैकी एकाकडे, शक्यतो जीएम सोडून दुसऱ्याकडे, नोंदींची वही द्या. जीएमच्या डोक्यात आधीच मॉन्स्टर, नकाशा आणि चार जणांचे प्रश्न असतात. त्याने सेशननंतर आठवून लिहिलेलं अर्धं गाळलेलं असतं.

पात्रं बनवणं हीच पहिली चाचणी

तयार पात्रं दिलेली असली आणि तीच वापरायला सांगितली असेल, तर तीच घ्या. २०१२ च्या पहिल्या पॅकेटमध्ये पाच तयार पात्रंच होती, कारण तेव्हा पात्र घडवण्याचे नियम तपासायचे नव्हते. तसं बंधन नसेल तर पात्रं सगळ्यांनी टेबलावर बसून बनवावीत आणि घड्याळ लावून बनवावीत.

इथे जीएमने एक कठीण गोष्ट करायची आहे, ती म्हणजे गप्प बसणं. नवखा खेळाडू पानं मागेपुढे करतोय, एकच आकडा तीन ठिकाणी शोधतोय, हे दिसलं तरी मदतीला धावू नका. कुठलं पान उघडलं, कुठे थांबला, काय चुकीचं लिहिलं ते वहीत उतरवा. पाच-सात मिनिटांत वाट सापडली नाही तर सांगा, पण सांगावं लागलं हेही लिहा. तुम्ही प्रेमाने समजावून सांगितलेला प्रत्येक नियम डिझायनरच्या दृष्टीने 'व्यवस्थित समजला' या खात्यात जमा होतो आणि पुस्तकातला तो गोंधळलेला परिच्छेद तसाच छापला जातो.

आणखी एक युक्ती मराठी टेबलांना सहज जमते. नियम इंग्रजीत असतात, आपण बोलतो मराठीत. खेळाडूला आपल्या पात्राची मुख्य ताकद पुस्तक मिटून, स्वतःच्या शब्दांत समजावून सांगायला लावा. इंग्रजी वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवता येत नसल्यामुळे खरंच किती कळलंय ते लगेच बाहेर येतं. दोघांनी एकच नियम दोन तऱ्हांनी सांगितला तर तुमच्या हाती पहिला पक्का मुद्दा आला.

प्रत्यक्ष खेळताना

नियम लिहिलाय तसाच खेळा. न आवडलेला नियम तर अगदी काटेकोर खेळा, कारण न खेळलेल्या नियमावर तक्रार करायला तुमच्याकडे पुरावा नसतो. घरचे नियम बाजूला ठेवा. जीएमने फासे पडद्याआड न टाकता सगळ्यांसमोर टाकावेत आणि पडेल तो आकडा मानावा. एरवी गोष्टीसाठी एखादा फटका सौम्य करणं हा चांगल्या जीएमचा गुण असेल, पण चाचणीत त्याने मॉन्स्टरचा खरा जोर झाकला जातो.

नियम संदिग्ध निघाला तर तो मोठ्याने वाचा, दोन मिनिटं चर्चा करा, जीएमने निर्णय द्यावा आणि खेळ पुढे न्यावा. वहीत तीन गोष्टी याव्यात: पान क्रमांक, निघालेले दोन अर्थ आणि तुम्ही कुठला धरलात. अर्धा तास वाद घालून 'खरा' अर्थ ठरवायची गरज नाही. दोन अर्थ निघतात हीच माहिती डिझायनरला हवी असते.

नोंद कशी दिसावी, ते एका उदाहरणाने सांगतो. लाकडी पुलावर पाचव्या लेव्हलची फायटर (लढवय्या पात्र) एका ओगरला (धिप्पाड राक्षसाला) पकडून धरू पाहते आहे. तिची स्ट्रेंग्थ १८, ओगरची १९, ओगरचा आर्मर क्लास (हल्ला लागायला गाठावा लागणारा आकडा) ११. २०१४ च्या नियमांत दोघांनी वीस बाजूंचे फासे टाकून ताकद अजमावायची होती. फाशात मिळवायचा आकडा फायटरचा अधिक ७, ओगरचा अधिक ४, म्हणजे ती यशस्वी होण्याची शक्यता सुमारे ६२ टक्के. ऑगस्ट २०२२ च्या पॅकेटमध्ये पकड हा साधा हल्ला झाला. आर्मर क्लास ११ विरुद्ध अधिक ७, म्हणजे फाशावर ४ किंवा जास्त पडलं की झालं, शक्यता ८५ टक्के. मात्र ओगरला स्वतःच्या प्रत्येक टर्नच्या (पाळीच्या) शेवटी सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, टाकून, कृती खर्च न करता, सुटता येत होतं. २०२४ च्या पक्क्या पुस्तकात पुन्हा वेगळं आहे: ओगरने १५ विरुद्ध सेव्ह टाकायचा, आणि अधिक ४ मुळे पकड बसण्याची शक्यता बरोबर ५० टक्के.

हे आकडे कागदावर निघतात, त्यासाठी पाच जणांनी जमायची गरज नाही. वहीत लिहायचं ते कागदावर न निघणारं. ऑगस्ट २०२२ च्या पॅकेटची नोंद अशी असावी (रोग हे चोराचं पात्र, विझर्ड हे जादूगाराचं):

'राउंड २. पकड एका फाशात, लगेच. राउंड ३. ओगरच्या टर्नच्या शेवटचा सेव्ह जीएम विसरला, रोगने आठवण केली. राउंड ४. पुन्हा विसरला. विझर्ड म्हणाला, "आता प्रत्येक मोठ्या मॉन्स्टरला आधी पकडायचंच." राउंड ५. फायटरने हल्ला सोडून पुन्हा पकड घेतली, कंटाळल्यासारखी. लढाई २५ मिनिटं.'

पाच-सहा ओळींत इथे तीन गोष्टी आल्या. टर्नच्या शेवटचा सेव्ह लक्षात राहत नाही. जड, कमी आर्मरच्या शत्रूविरुद्ध पकड हा ठरलेला डाव होतो. आणि तो डाव खेळणारीला त्यात मजा येत नाही. संभाव्यतेच्या कुठल्याही गणितातून हे हाती लागलं नसतं.

उलट, जे गणिताने निघतं ते गणितानेच काढा. त्याच पॅकेटमध्ये क्रिटिकल हिट (फाशावर २० पडल्यावर बसणारा जास्तीचा फटका) फक्त खेळाडूंच्या पात्रांना आणि फक्त शस्त्राच्या किंवा हाताच्या हल्ल्याला ठेवला होता, आणि दुप्पट व्हायचे ते फक्त शस्त्राचे फासे. पाचव्या लेव्हलचा रोग रेपियरने (बारीक तलवारीने) स्नीक अटॅक (बेसावध शत्रूवरचा, जास्तीच्या फाशांचा हल्ला) करतो तेव्हा जुन्या क्रिटिकलला सरासरी ३४ नुकसान व्हायचं, या नियमाने २३.५. एवढं घरी बसून कळतं. टेबलावर बघायचं ते हे, की २० पडल्यावर रोग खेळणारीचा चेहरा खुलतो की ती आधी नियम वाचायला लागते. आणि मॉन्स्टर कधीच क्रिटिकल करणार नाही हे माहीत झाल्यावर टेबलावरची धास्ती उरते का. हा नियम पुढच्याच पॅकेटमध्ये मागे घेतला गेला.

फाशांच्या नशिबाला फसू नका. ६५ टक्के शक्यतेचे २० हल्ले केले तर सरासरी १३ लागतात, पण १० लागणं किंवा १६ लागणं यात नवल काहीच नाही. 'आमचा रेंजर (जंगलात वावरणारा योद्धा) सतत चुकला, रेंजर कमकुवत आहे' हे लिहिण्याआधी त्याला किती हवे होते आणि किती पडले ते पाहा. म्हणूनच महत्त्वाच्या पात्राचे फासे वहीत रेघा मारून मोजावेत.

दिवसाची लांबी आणि वरच्या लेव्हल

बहुतेक चाचण्या इथे चुकतात, म्हणून जरा थांबून सांगतो. २०१४ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'ने एका साहसी दिवसात ६ ते ८ मध्यम किंवा कठीण सामने होतील असं धरलं होतं. संध्याकाळी सात ते अकरा खेळणाऱ्या ग्रुपच्या त्यातल्या एक-दोनच लढाया होतात. मग विझर्ड आपले सगळे मोठे मंत्र त्याच लढाईत ओततो आणि झोपतो, फायटर रोज जेवढं करतो तेवढंच करतो, आणि अभिप्रायात येतं की विझर्ड फार ताकदवान आहे. असेलही. पण तुम्ही विझर्ड तपासलाच नाहीत, तपासलीत ती एका लढाईची सुट्टी.

यासाठी एक 'दिवस' दोन सेशनमध्ये तोडा. पहिल्या रात्री जिथे थांबलात तिथले हिट पॉइंट (पात्राचा उरलेला जीव), उरलेले मंत्र, वापरलेल्या औषधाच्या बाटल्या लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी विश्रांती न देता तिथूनच सुरू करा. चौथ्या लढाईत शिरताना खेळाडू काय बोलतात ते ऐका. नियमांचा खरा कस तिथे लागतो. 'परत जाऊया का?' हा प्रश्न कितव्या लढाईनंतर आला, तेही वहीत लिहा.

लेव्हलचंही तसंच. पहिल्या ते चौथ्या लेव्हलवर सगळेच खेळतात, वर कुणी जात नाही, आणि मग छापील पुस्तकात वरच्या लेव्हल ढिल्या राहतात. तुमचा ग्रुप जुना आणि सरावाचा असेल तर अकराव्या आणि सतराव्या लेव्हलला थेट उडी मारा. पात्र बनवायलाच एक सेशन जाईल. जाऊ द्या, त्याचा वेळही मोजा. एका खेळाडूच्या टर्नपासून त्याच्याच पुढच्या टर्नपर्यंत किती मिनिटं गेली हा वरच्या लेव्हलवरचा सगळ्यात बोलका आकडा आहे.

जमल्यास एकच लढाई, तोच नकाशा, तेच मॉन्स्टर जुन्या आणि नव्या दोन्ही नियमांनी खेळा. कंटाळवाणं वाटेल, पण फरक नेमका कुठे पडला हे इतकं स्पष्ट दुसऱ्या कशातून कळत नाही.

खेळ संपल्यावर

चर्चा सुरू करण्याआधी दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहावं. हे वगळू नका. ग्रुपमधला मोठ्या आवाजाचा माणूस एकदा 'बकवास नियम आहे' म्हणाला की बाकीचे त्याच्याशी सहमत होतात किंवा त्याच्याशी भांडतात, स्वतःचा अनुभव कुणी सांगत नाही. 'आवडलं का?' असं विचारू नका. काय करावं हे कुठल्या क्षणी कळेना, तुमची पाळी नसताना फोन कधी हातात घेतला, पात्राच्या शीटवरची कुठली गोष्ट एकदाही वापरली नाही, आणि मित्राला सांगावा असा प्रसंग कुठला, हे विचारा. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. चांगलं चाललेलं काही लिहून कळवलं नाही, तर पुढच्या पॅकेटमध्ये ते न कळत कापलं जाऊ शकतं.

मग अभिप्राय. क्रम असा ठेवा: परिस्थिती, काय घडलं, टेबलावर कसं वाटलं, आणि सुचवायचंच असेल तर उपाय सगळ्यात शेवटी, एका वाक्यात. 'पकडीचा नियम बिघडवून टाकलाय' या वाक्याचा कुणाला उपयोग नाही. 'पाचवी लेव्हल, चार पात्रं, दोन ओगर. टर्नच्या शेवटचा सेव्ह पाचपैकी तीनदा विसरला गेला. फायटर खेळणारी म्हणाली की तिला दर राउंडला तेच करावं लागलं' हे वाचून डिझायनर कामाला लागू शकतो.

उपाय मागे ठेवायला मी का सांगतो, ते पाथफाइंडरच्या रेझोनन्सवरून समजेल. पहिल्या आवृत्तीत खेळाडू स्वस्त जादूच्या कांड्या घाऊक विकत घेऊन प्रत्येक लढाईनंतर जखमा भरून काढत. ते थांबवण्यासाठी चाचणीत लेव्हल आणि करिश्मा (पात्राच्या व्यक्तिमत्त्वाचा जोर) मिळून रोजचे ठरावीक रेझोनन्स पॉइंट दिले आणि जादूची वस्तू वापरायची, अगदी औषधाची बाटली प्यायची, तरी त्यातला एक जायचा. खेळाडूंना हा हिशेब जाचक वाटला आणि तो गेला. अडचण मात्र खरी होती. पक्क्या आवृत्तीत दिवसाला १० वस्तू अंगावर सिद्ध करून वापरण्याची मर्यादा आली आणि मेडिसिन कौशल्याने लढाईनंतर जखमा भरण्याची सोय झाली. म्हणून अभिप्राय लिहिताना दोन वेगळे परिच्छेद करा: डिझायनरला जे साधायचंय ते तुम्हाला पटतं का, आणि त्यासाठी निवडलेला मार्ग टेबलावर चालला का. पहिल्याला 'हो' आणि दुसऱ्याला 'नाही' हे उत्तर त्यांना सगळ्यात उपयोगी पडतं.

सर्व्हेत प्रत्येक क्लासला (फायटर, विझर्डसारख्या पात्राच्या प्रकाराला) गुण देण्याची जागा असेल, तरी जो क्लास तुमच्या टेबलावर खेळलाच गेला नाही त्याची जागा रिकामी सोडा किंवा 'खेळलो नाही' निवडा. चाचणी बंद दाराआड असेल आणि गोपनीयतेच्या करारावर सही केली असेल, तर पॅकेटचे फोटो ग्रुपच्या बाहेर जाऊ देऊ नका, आणि टेबलावरच्या पाहुण्यालाही आधी सांगा. सर्व्हे बंद होण्याची तारीख पॅकेट मिळाल्याच दिवशी कॅलेंडरवर टाका आणि त्याच्या आठवडाभर आधी शेवटचं सेशन ठेवा, म्हणजे वही चाळून लिहायला वेळ उरतो.

पुढचं पॅकेट आलं की आधी तुमच्या नोंदीतला नियम बदललाय का ते पाहा. बदलला असेल तर तोच पूल, तोच ओगर, तीच फायटर पुन्हा मांडा आणि पहिल्या नोंदीशेजारी दुसरी लिहा. बदलला नसेल, तर त्याच तक्रारीचा पाढा न वाचता वेगळ्या परिस्थितीत तो नियम तपासा: दुसरी लेव्हल, छोटे चपळ शत्रू, फायटरऐवजी मंक (हातांनी लढणारं साधूचं पात्र). तरीही तीच अडचण आली तर तसं लिहा आणि मागच्या सेशनची तारीख सोबत द्या.